चूक समोरच्याची, धडक आपल्याला : रोजच्या रस्त्यावर या चुका टाळा

गल्लीतून मोठ्या रस्त्यावर यायचं होतं. त्या रस्त्याने एक गाडी येत होती आणि तिचा माझ्या बाजूचा इंडिकेटर लुकलुकत होता. आता ही गल्लीतच वळणार, असं धरून मी क्लच सोडला आणि गाडी पुढे काढली. ती वळली नाही. तिचा वेगही कमी झाला नाही. मी करकचून ब्रेक दाबला तेव्हा माझं बॉनेट हातभर रस्त्यात आलं होतं, आणि ती गाडी त्याच्या अगदी समोरून सरळ निघून गेली. आधीच्या वळणावर लावलेला इंडिकेटर बंद करायचा राहिला असणार. मागच्या सीटवर माझी मुलगी झोपली होती. ती जागीसुद्धा झाली नाही. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

चूक त्या चालकाची होती, हे मला आजही वाटतं. पण धडक बसली असती तर ती कोणाची चूक हे नंतर ठरलं असतं, हाडं आधी मोडली असती. तेव्हापासून गाडी चालवताना मी एकच प्रश्न सारखा विचारत असतो : हा समोरचा आत्ता या क्षणी चुकला, तर मला थांबायला किंवा सरकायला जागा आहे का? बेफिकीर चालकाला सुधारणं आपल्या हातात नसतं, त्याच्या चुकीसाठी जागा राखून ठेवणं असतं. ती जागा आपण कुठे कुठे गमावतो, ते पुढे सांगतो.

इंडिकेटरवर विसंबणं

लुकलुकणारा दिवा एवढंच सांगतो की दिवा चालू आहे. गाडी खरंच वळणार असेल तर तिचा वेग उतरतो, ब्रेक लागल्यावर तिचं नाक किंचित खाली दबतं, आणि मग पुढची चाकं वळायला लागतात. या तीनपैकी निदान वेग उतरलेला दिसेपर्यंत पुढे घुसू नका. उलट बाजूही तितकीच खरी आहे. रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी इंडिकेटर न देताच बाहेर येते. तिथे चालकाच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या पुढच्या चाकाकडे बघा. गाडी हलल्याचं तिच्या अंगावरून उशिरा कळतं, चाक फिरू लागलेलं आधी दिसतं.

‘त्याने माझ्याकडे बघितलं की!’

अपघातानंतर हे वाक्य फार ऐकू येतं, आणि बोलणारा बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. समोरच्याची मान आपल्या दिशेला वळलेली असते, पण आपण त्याला दिसलेलो नसतो. डोळे या बाजूकडून त्या बाजूकडे झटकन फिरवले की ते मध्ये उड्या मारत जातात, आणि प्रत्येक उडीच्या वेळी मेंदू त्या मधल्या भागाचं चित्र गाळून टाकतो. घाईत मान फिरवणाऱ्याच्या नजरेतून एखादी दुचाकी संपूर्ण निसटू शकते. दुचाकी समोरून अरुंद दिसते, त्यामुळे ती किती वेगात येते आहे याचा अंदाजही चुकतो.

दुसरी अडचण गाडीच्या खांबाची. काचेच्या दोन्ही कडांना छत पेलणारे जे जाड खांब असतात, त्यांच्या आड माणूस, सायकल, दुचाकी सहज मावते. चौकाकडे दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी दोन वाहनं एकसारख्या वेगाने येत असतील आणि त्यांची टक्कर होणार असेल, तर एकमेकांना ती कायम त्याच कोनात दिसत राहतात. म्हणजे खांबाआड गेलेली दुचाकी चौक येईपर्यंत खांबाआडच राहू शकते. चालक शेवटी म्हणतो, ‘कुठून आली कळलंच नाही,’ आणि त्याला खरोखरच कळलेलं नसतं.

यावर उपाय सोपा आहे. चौकात शिरण्याआधी मान नुसती वळवू नका. धड थोडं पुढे-मागे हलवा, म्हणजे खांबाआडचा भाग उघडा पडतो. एका बाजूला बघून झालं की दुसरीकडे बघा आणि मग पहिल्या बाजूला पुन्हा एकदा बघा, नजर दोन-तीन ठिकाणी टेकवत. तुम्ही दुचाकीवर असाल तर चौकाजवळ येताना वेग थोडा उतरवा आणि आपल्या लेनमध्येच जरा आडवे सरका. सरळ रेषेत येणारी वस्तू नजरेतून सुटते, आडवी हललेली वस्तू लक्ष वेधते.

आरशांचंही इथेच सांगतो. बाजूच्या आरशात आपल्याच गाडीचा मोठा भाग दिसत असेल तर तो आरसा अर्धा वाया गेला. चालकाच्या बाजूच्या काचेला डोकं टेकवा आणि त्या स्थितीत गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर वळवा. दुसऱ्या बाजूच्या आरशासाठी डोकं गाडीच्या मधोमध आणून तसंच करा. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल, चार दिवसांत सवय होते. तरीही लेन बदलण्याआधी एकदा मान वळवून बघायचंच.

पुढच्या गाडीला चिकटणं

ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. पुढच्याचा ब्रेकचा दिवा दिसला, ते कळलं, पाय उचलला आणि ब्रेकवर ठेवला, एवढ्यात सेकंद-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायलाच १७ ते २५ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरच्या गाडीलाही थांबायला आणखी साधारण २० मीटर लागतात. रस्ता ओला असेल तर कितीतरी जास्त. आणि वेग ४० वरून ६० वर नेला, म्हणजे दीडपट केला, तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतं.

मीटर मोजत बसणं चालत्या गाडीत जमत नाही, सेकंद मोजता येतात. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की सावकाश म्हणा : एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तीन म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबापाशी आलात तर जास्त जवळ आहात. पावसात, रात्री, किंवा पुढे उंच वाहन असल्यामुळे पलीकडचं काही दिसत नसेल तेव्हा हे अंतर आणखी वाढवा.

‘एवढी जागा सोडली की कोणीतरी कट मारून घुसतोच,’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. घुसू द्या. तो आत आला की पाय जरा सैल करा आणि पुन्हा तीन सेकंद मागे या. सबंध वाटेत दहा जण घुसले तरी आपला अर्धा मिनिट जातो. दहाही वेळा चिडून ती फट बुजवत गेलात, तर मात्र दहा वेळा दुसऱ्याच्या ब्रेकवर आपला जीव टांगून ठेवला.

मागचा चिकटला असेल तर? त्याला धडा शिकवायला ब्रेक मारणं ही मोठीच चूक. त्याच्यापाशी थांबायला अंतर नाही, हे आपल्याला आरशात दिसत असतं, तरी आपणच टक्कर ओढवून घेतो. त्याऐवजी आपल्या पुढचं अंतर वाढवा. पुढे काही झालं तर मग आपल्याला हळूहळू ब्रेक लावता येतो, आणि मागच्याला आपोआप वेळ मिळतो. जागा मिळाली की बाजूला होऊन त्याला जाऊ द्या.

दुसऱ्याच्या हातवाऱ्यावर पुढे जाणं

हिरवा दिवा लागला म्हणून लगेच सुटू नका. आडव्या रस्त्याने लाल दिवा तोडून येणारा याच पहिल्या दोन सेकंदांत येतो. दोन्हीकडे बघून मग निघा. शेजारची लेन थांबलेली असेल तर ती का थांबली, ते दिसेपर्यंत तिच्या बाजूने पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा तिच्यासमोरून कोणीतरी रस्ता ओलांडत असतं.

समोरचा सज्जनपणे हात करून ‘या, या’ म्हणतो, तेव्हा तो फक्त आपण थांबल्याचं सांगत असतो. त्याच्या पलीकडच्या लेनमधून काय येतंय, याची हमी त्याच्याकडे नसते. डिपरचंही, म्हणजे हेडलाइटच्या उघडझापीचंही, तेच. काहींच्या लेखी डिपर म्हणजे ‘तुम्ही या’, काहींच्या लेखी ‘थांब, मी येतोय’. दोघांनी वेगवेगळे अर्थ लावले की दोघंही एकदम पुढे येतात. आपल्या डोळ्यांनी रस्ता मोकळा दिसला तरच निघायचं.

मोठ्या वाहनाच्या कुशीत शिरणं

ट्रकच्या आरशात तुम्हाला ट्रकचालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. लांब वाहन वळताना आधी वळणाच्या उलट बाजूला सरकतं, त्यामुळे आतल्या बाजूला मोकळी वाट पडल्यासारखी दिसते. त्या वाटेत दुचाकी घालू नका. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात आणि ती वाट बघता बघता बंद होते. अशा वाहनाच्या एक तर मागे राहा, नाहीतर पूर्ण पुढे जा. शेजारी रेंगाळू नका.

उभ्या गाड्यांच्या ओळीजवळून जाताना दार पूर्ण उघडलं तर लागेल एवढी, म्हणजे साधारण मीटरभर जागा सोडा. ही सूचना दुचाकी आणि सायकलवाल्यांनी विशेष पाळावी.

भान हरपलेला चालक ओळखता न येणं

लेनमध्ये हळूहळू एका कडेला वाहत जाऊन एकदम सरळ होणारी गाडी, विनाकारण कमी-जास्त होणारा वेग, सिग्नल सुटला तरी जागच्या जागी थांबणं, मान खाली. असा चालक एक तर मोबाइलमध्ये आहे, नाहीतर पेंगतोय. ताशी ८० च्या वेगात पाच सेकंद फोनकडे बघणारा माणूस शंभर मीटरहून जास्त अंतर डोळे मिटल्यासारखा जातो. रागाने त्याच्या शेजारी जाऊन काच खाली करू नका. त्याची गाडी वाहत आली तर तुम्ही तिथेच सापडाल. मागे राहा, अंतर वाढवा, वाटलं तर पाच मिनिटं कुठेतरी थांबा.

शेवटच्या क्षणी हॉर्नवर हात

समोरचा आडवा आला की पहिल्यांदा हात हॉर्नकडे जातो. आधी ब्रेक, मग हॉर्न. गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं यंत्र, असेल तर ब्रेक पूर्ण जोरात दाबा आणि दाबूनच धरा. पायाखाली धडधड झाली तर घाबरून पाय उचलू नका, ते यंत्र आपलं काम करतंय. त्या अवस्थेतही स्टिअरिंग ऐकतं. नजर मात्र समोर आलेल्या वाहनावर खिळवू नका, जिथून सुटता येईल त्या फटीकडे लावा. माणूस जिकडे बघतो तिकडेच त्याचे हात गाडी नेतात.

समोरून कोणी ओव्हरटेक करत आपल्या लेनमध्ये आला असेल तर वेग उतरवून आपल्याच बाजूच्या कडेला सरका. चुकवायला म्हणून त्याच्या मोकळ्या लेनमध्ये जाऊ नका. शेवटच्या क्षणी तो दचकून तिकडेच परत येतो.

थांबलेलं असतानाही दोन गोष्टी विसरू नका. पुढच्या गाडीच्या मागच्या टायरखालचा रस्ता दिसेल इतकं मागे थांबा, आणि मागे कोणी येऊन थांबेपर्यंत आरशात बघत राहा. कोणी न थांबता येतोय असं दिसलं तर तेवढ्या जागेतून बाजूला निसटता येतं. आणि समोरची वाहतूक ओलांडून वळण्यासाठी रस्त्याच्या मधोमध थांबला असाल तर चाकं आधीच वळवून ठेवू नका. वळवलेल्या चाकांनिशी मागून धक्का बसला तर गाडी थेट समोरून येणाऱ्यांच्या पुढ्यात ढकलली जाते. सरळ चाकांनी ती आपल्याच लेनमध्ये पुढे सरकते. म्हणून प्रत्यक्ष वळायला लागेपर्यंत स्टिअरिंग सरळ आणि पाय ब्रेकवर.