एचआयडी हेडलाइट लावायच्या आधी, आणि लावले असतील तर, हे करून बघा

द्राक्षाच्या सीझनला रात्री नाशिकच्या दिंडोरी रोडने कधी आलात तर माहितीय, कॅरेट भरलेल्या पिकअप, ट्रॉलीला धड रिफ्लेक्टर नसलेले ट्रॅक्टर, आणि मधूनच एक पांढराफटक झोत थेट डोळ्यात. तसा झोत मी स्वतः दीड वर्ष लोकांच्या डोळ्यात मारलाय. साध्या रिफ्लेक्टरच्या (बल्बमागचा आरशासारखा भाग) हेडलाइटची गाडी, त्यात एचआयडी किट, म्हणजे झेनॉन गॅसचे झगझगीत बल्ब, बसवून घेतलेलं, दुकानवाला म्हणाला काही होत नाही, सगळे लावतात. एका रात्री समोरून येणाऱ्या बाइकवाल्याने डोळ्यांवर हात धरला आणि गाडी सरळ साइडपट्टीवर घातली, मागे बायको आणि दोघांच्या मध्ये लहान पोर. पडले नाहीत. पण मी घरी येऊन झोपलो नाही नीट.

तर पहिलं काम, तुमच्या गाडीत कंपनीचं एचआयडी आहे की बाहेरून लावलेलं किट ते बघा. कंपनीच्यात प्रोजेक्टर (पुढे भिंग असलेला हेडलाइट) किंवा त्याच बल्बसाठी बनवलेला रिफ्लेक्टर असतो. डी2एस नावाचा एचआयडी बल्ब 35 वॅटमध्ये साधारण 3200 ल्यूमेन (उजेडाचं माप) देतो, आपला साधा एच4 हॅलोजन डिपरवर 1000 च्या आसपास, म्हणून तर युरोपात 2000 ल्यूमेनच्या वर गेलं की ऑटो लेव्हलर (झोताची उंची आपोआप जुळवणारा) आणि काच धुणारा वॉशर दोन्ही सक्तीचे केलेत. किटमध्ये यातलं काहीच येत नाही.

आता एच4 बल्ब हातात घेऊन बघा. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी दिसेल, उजेड वर जाऊ नये म्हणून ती असते आणि रिफ्लेक्टरचं सगळं गणित त्या फिलामेंटच्या जागेवर बसवलेलं असतं. एचआयडीत फिलामेंटच नाही, झेनॉन गॅसमध्ये दोन टोकांच्या मधे आर्क पेटतो, त्याचा आकार वेगळा, जागा एखाद-दोन मिलिमीटर सरकली तरी उजेड चहूकडे फेकला जातो. आपल्याला गाडीत बसून वाटतं काय भारी उजेड पडलाय, कारण जवळचा रस्ता लख्ख दिसतो, लांबचं मात्र खरं म्हणजे कमीच दिसतं.

भिंतीवर चेक करा. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, सीटवर एक माणूस, आणि गाडी भिंतीपासून 5 मीटरवर. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा. डिपरची वरची रेघ त्या खुणेच्या साधारण 5 सेंटिमीटर खाली यायला हवी, बऱ्याच हेडलाइटवर 1 टक्का वगैरे छापलेलं असतं ते हेच. डावीकडे रेघ थोडी वर चढली तर चालतं, आपण डावीकडून चालतो म्हणून कडेचा माणूस दिसावा यासाठी ते असतं, उजवीकडे मात्र सपाटच हवी. आणि रेघच दिसत नसेल, नुसता धुरकट उजेड वरपर्यंत पसरला असेल, तर स्क्रू फिरवून काही होणार नाही, किट काढा.

अजून एक, हे नक्की करा. मित्राला गाडीत बसवा, डिपर लावायला सांगा आणि तुम्ही 50 पावलं लांब जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसा. समोरच्या कारवाल्याची नजर जवळपास तेवढ्याच उंचीवर असते. मी बसलो, पाच सेकंद पण बघवलं नाही.

पावसात तर विचारूच नका. इगतपुरी, कसारा घाटात धुकं उतरलं की वर फेकलेला सगळा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात परत येतो, पांढरी भिंत. त्यात 8000 केल्विनचे (उजेडाच्या रंगाचं माप) निळसर बल्ब घेऊ नका, दिसायला स्टायलिश पण 4300 वाल्यापेक्षा उजेड कमी देतात.

डिपर-अप्परचा पण घोळ आहे. एचआयडी पेटवायला बॅलास्ट, म्हणजे किटमधला व्होल्टेज वाढवणारा डबा, क्षणभर 20,000 व्होल्टच्या वर देतो आणि पूर्ण उजेड यायला काही सेकंद जातात, त्यामुळे पासिंग मारायला हा बल्ब कामाचा नाही, सारखं चालू-बंद केलं की आयुष्य पण कमी होतं. बॅलास्टमध्ये पाणी गेलं की लाइट लुकलुकतो, एफएमवर खरखर येते. बल्बचा रंग गुलाबी-जांभळा व्हायला लागला तर तो संपत आलाय, बदलताना जोडीने बदला नाहीतर एक डोळा पांढरा एक पिवळा.

कायद्याचं पण बघा, मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीत कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेर बदल करायला आडवं येतं.

मग उजेड वाढवायचा कसा? काच पिवळी पडली असेल तर आधी पॉलिश करून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. मग जाड वायरचं हार्नेस (तयार वायरिंग) आणि रिले (बॅटरीचा करंट थेट बल्बला देणारा स्विच) बसवा, कारण जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज पडतं आणि हॅलोजनचा उजेड त्याने लगेच मार खातो. बल्ब 60/55 वॅटचाच, 100/90 वाल्याच्या नादी लागू नका, होल्डर वितळतो. मागे माणसं, सामान भरलं की डॅशबोर्डवरचं लेव्हलरचं चाक 0 वरून पुढे फिरवा.

किट काढताना लाइट बंद, बॅटरीची वायर काढलेली, आणि थोडा वेळ थांबून मगच बॅलास्टला हात, शॉक जोरात बसतो. एचआयडीच्या डी1, डी2 प्रकारच्या बल्बमध्ये पारा असतो, डी3, डी4 मध्ये नसतो. जुना बल्ब कागदात गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घंटागाडीत टाकू नका, तिथला माणूस हाताने कचरा वेगळा करतो.