सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक लिहिताना या चुका टाळा

द्राक्षांच्या छाटणीचे दिवस आले की तासगावकडच्या दवाखान्यांत एकच विनवणी ऐकू येते: "डॉक्टर, जरा पॉवरचं द्या, हजेरी बुडतीय." आणि आपण डॉक्टर मंडळी अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून मोकळे होतो.

हा खोकला बहुतेक वेळा विषाणूचा असतो. गोळी दिली काय, न दिली काय, तो त्याच्या वेळेनंच जातो, आणि ती वेळ तीन आठवड्यांपर्यंत असू शकते. हे पहिल्याच भेटीत सांगायचं राहून जातं, माझ्या मते खरी चूक ही. न सांगितल्यावर पेशंट पाचव्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात जातो आणि तिथं त्याहून कडक औषध मिळतं. बाहेर चाळीस जण ताटकळत असताना दोन मिनिटं काढणं अवघड आहे, तरी काढा. दम लागला, ताप उतरेना, बेडक्यात रक्त दिसलं तर लगेच या, हेही सांगा. बेडका नुसता पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही.

सगळ्यात महागात पडते ती लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची घाई. हे औषध क्षयाच्या जंतूंवरही चालतं. खोकला क्षयाचा असेल तर चार दिवस बरं वाटतं, निदान मागं पडतं, घरातल्यांना लागण होत राहते. शिवाय साध्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी राखायचं हत्यार बोथट होतं. खोकला दोन आठवड्यांवर गेला की आधी बेडक्याची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. २०१४ पासून लिव्होफ्लॉक्सासिन एच-१ यादीत, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे; मेडिकलवाल्याला डॉक्टर आणि पेशंटचं नाव वहीत नोंदवून ती तीन वर्षं ठेवावी लागते. चिठ्ठी लिहितानाच थांबलेलं बरं.

मुलांच्या पाण्यासारख्या जुलाबांनाही अँटिबायोटिक नको, ओआरएस आणि १४ दिवस झिंक द्या. रक्त पडत असेल तर गोष्ट वेगळी.

याच्या उलट चूकही होते: गरज असताना अँटिबायोटिक द्यायला उशीर. कृष्णेच्या पुरानंतर चिखलात राबलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्या दुखणं असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाणी-चिखलातून होणारा जंतुसंसर्ग) विचार करा. संशय पक्का वाटला तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करायला रिपोर्टची वाट पाहू नका. लहान मुलाला खोकल्याबरोबर धाप असेल तर अंगातला सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: वर्षाच्या आतल्या बाळाला ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा त्याहून जास्त भरले तर अमॉक्सिसिलिन त्याच दिवशी सुरू झालं पाहिजे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवा.