कॅन्सरच्या पेशींची चाल मोजताय? या चुका टाळा

जानेवारी लागला की खारघर-बेलापूरकडच्या प्रयोगशाळांत एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांची वर्दळ सुरू होते. हातात महिने मोजके, आणि प्रत्येकाला शेवटी एकच वाक्य लिहायचं असतं: आमच्या औषधाने मेटास्टॅसिस, म्हणजे कॅन्सरचं दुसऱ्या अवयवांत पसरणं, थांबला. या घाईपायी चुकाही दरवर्षी त्याच होतात.

भेग बुजली म्हणजे पेशी चालल्या, हा समज

प्लेटभर वाढलेल्या पेशींवर पिपेटच्या टिपने ओरखडा मारायचा आणि ती भेग किती वेळात बुजते ते बघायचं. स्वस्त, सोपा प्रयोग. पण भेग दोन कारणांनी बुजते: कडेच्या पेशी सरकत आत येतात, किंवा मागच्या पेशींचं विभाजन होऊन गर्दी वाढते.

ठाण्याहून येणाऱ्या एका मुलीने हेला पेशींवर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून लॅबमध्ये वाढवत आलेल्या) वनस्पतीचा अर्क वापरला होता. अठ्ठेचाळीस तासांनी कंट्रोलची, म्हणजे अर्क न घातलेल्या प्लेटची, भेग पूर्ण बुजलेली, अर्काची अर्धी उघडी. पोस्टर छापून तयार. मी विचारलं, "विभाजन रोखायला मायटोमायसिन घातलं होतंस का गं?" "नाही मॅडम, सीनियरच्या प्रोटोकॉलमध्ये नव्हतं." वर पेशींच्या वाढीला चालना देणारं सिरम पूर्ण १० टक्के. हेला साधारण दिवसभरात दुप्पट होतात, म्हणजे दोन दिवसांत चौपट. प्रयोग पुन्हा लावला. आधी मायटोमायसिनने विभाजन रोखलं, पेशी नीट धुतल्या, सिरम कमी केलं आणि दर सहा तासांनी फोटो काढले. दोन्ही भेगा सारख्याच वेगाने भरत गेल्या. अर्क विभाजन मंदावत होता. चालीवर त्याचा काही परिणाम नव्हता. पोस्टर टाकून द्यावं लागलं आणि ते टाकलंच पाहिजे होतं.

माझी सवय सांगते. प्लेटच्या खालच्या बाजूला मार्करने खूण करते, म्हणजे प्रत्येक फोटो त्याच जागेचा येतो. एकोणीस-वीस तासांपुढचे आकडे चाल म्हणून धरत नाही. अर्कामुळे पेशी मरतात का, वाढ थांबते का, हे वेगळ्या प्लेटवर आधी बघते. लोकल चुकेल म्हणून बारा तासांचा फोटो गाळणाऱ्यांनी हा प्रयोग हाती घेऊ नये.

लांबट पेशी धोक्याची, गोल पेशी गरीब

हा तर माझ्या डोक्यात जाणारा गैरसमज. लांबट, तर्कूसारख्या पेशी भोवतालचं कोलॅजन एन्झाइमने कापत वाट काढतात, हे खरं. पण गोल पेशीही पसरतात. त्या र्‍हो-रॉक यंत्रणेच्या जोरावर आकुंचन पावत, अमीबासारख्या, आहे त्या फटीतून घुसतात. कापाकापीची फारशी गरज नसते. कापणारी एन्झाइम्स रोखली की काही लांबट पेशी गोल होऊन चालतच राहतात, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. ही एन्झाइम्स रोखणारी औषधं त्याआधीच रुग्णांवरच्या चाचण्यांत अपयशी ठरली होती, आणि त्यामागचं हे एक संभाव्य कारण मानलं जातं.

उलट टोकही तितकंच वाईट: प्लेटमधली प्रत्येक गोल पेशी अमीबासारखी ठरवणं. विभाजनाला आलेली पेशी गोल होते. मरणारी होते. प्लेट एसीखाली फार वेळ उघडी राहिली तरी होते. एका फोटोवर निकाल देऊ नका. इन्क्युबेटरमध्ये ठेवा, तास-दोन तासांनी तीच पेशी शोधा. दोन झाल्या, तर विभाजन होतं. आक्रसून तरंगायला लागली, तर संपली. शिवाय स्तनाच्या ऊतीपेक्षा प्लास्टिक लाखो पटींनी कडक असतं, त्यावर पेशी पसरट होणारच. आकारावर बोलायचं असेल तर कोलॅजनच्या जेलमध्ये बघा. वेळ लागतो, लागू द्या.

बाकीच्या, थोडक्यात

एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी पुंजक्यात राहतात म्हणून "पसरत नाहीत" असं लिहू नका. उंदरांवरच्या अभ्यासात रक्तातले पुंजके सुट्या पेशींपेक्षा कितीतरी सहज दूरच्या अवयवात रुजलेले दिसले आहेत.

एमडीए-एमबी-४३५ ही पेशींची जात वर्षानुवर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली. ती मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरची, निघाली. एसटीआर तपासणीशिवाय (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी चाचणी) मैत्रिणीच्या लॅबमधून फ्लास्क उचलून आणू नका.

पेशींत शिरून प्रयोग बिघडवणारा मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. होक्स्टने (डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगाने) रंगवा, केंद्रकाबाहेर ठिपके दिसले तर ती बॅच फेका, अँटिबायोटिकने वाचवत बसू नका.

पावसाळ्यात इन्क्युबेटरच्या पाण्याचा ट्रे दर आठवड्याला रिकामा करून पुसा. नवी मुंबईच्या दमट हवेत बुरशीला निमित्तच हवं असतं.

आणि फ्लास्कवर पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये घातल्या ते, लिहा, तारखेसकट, पर्मनंट मार्करने.