म्युरेनला पोहोचायचं कसं आणि डोंगर कधी पाहायचे

स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन या डोंगरावरच्या गावात मोटार जात नाही. ती खालच्या लाउटरब्रुनेन गावाच्या वाहनतळावर ठेवावी. रेल्वेने येणाऱ्यांची चूक मात्र आधीच, इंटरलाकेन ओस्ट स्थानकावर होते. तिथली गाडी त्स्वाइल्युचिनेनला दुभंगते आणि अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डकडे वळतात. म्हणून चढण्यापूर्वी डब्यावरची पाटी वाचा, फलाटावरची नव्हे.

लाउटरब्रुनेन स्थानकासमोरूनच ग्र्युचआल्पची केबलकार निघते. वर तिथून म्युरेनला १८९१ पासून धावणारी छोटी रेल्वे आहे, पण पाय धड असतील तर ती सोडाच. रुळांच्या कडेने विंटरेगवरून म्युरेनपर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे, सव्वा तास पुरतो. आणि आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं सगळा वेळ डाव्या हाताला!

फोटोसाठी सकाळची घाई नको. शिखरं गावाच्या पूर्वेला, म्हणजे सूर्य त्यांच्याच मागून उगवतो. कडे काळपट दिसतात, आकाश पांढरं पडतं. दुपार कलली की ऊन समोरून पडतं आणि हिमनद्यांच्या भेगासुद्धा सुट्या दिसू लागतात. म्हणूनच इथे मुक्काम करावा.

गावामागच्या २,९७० मीटर उंच शिल्टहॉर्न शिखराच्या केबलकारचं तिकीट मात्र वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र पाहूनच काढा. गावात ऊन असलं तरी माथा ढगात असू शकतो.