कुलूप शाबूत, कूलर खाली: सुट्टीत घर बंद ठेवताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही घरचे सगळे चार दिवस लग्नाला गेलो होतो. परत आलो तर दाराचं कुलूप जसंच्या तसं, कोयंड्याला ओरखडाही नाही. मी कुलूप उघडत होतो, तेवढ्यात आईनं मागून हाक मारली आणि तिचा आवाज ऐकूनच पोटात धस्स झालं. खिडकीतला कूलर खाली जमिनीवर उभा होता. पाण्याचा पाइप काढून नीट गुंडाळून बाजूला ठेवलेला. आईची गरसोळी (गळ्यातला सोन्याचा दागिना) गेली, तूर विकून आणलेले 40 हजार गेले. तेव्हापासून गावात कुणी बाहेरगावी निघालं की मी आधी त्यांच्या कूलरच्या खिडकीकडे पाहतो.

कूलरची खिडकी तशीच सोडणं

आपल्या विदर्भात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा कूलरशिवाय घरात बसवत नाही. कूलर बसवताना आपण काय करतो? खिडकीचा पल्ला काढतो, गज कापतो, बाहेर लोखंडी स्टँड ठोकतो. म्हणजे समोरच्या दाराला भारी कुलूप आणि मागच्या खिडकीत नुसता पत्र्याचा डबा. दोन माणसं तो पाच मिनिटांत उतरवतात आणि समोर माणूस मावेल एवढी मोकळी जागा तयार होते.

यावर दोन उपाय आहेत. जाताना कूलर घरात घ्या आणि खिडकी आतून बंद करा. पल्लाच उरला नसेल, तर कूलरच्या आतल्या बाजूनं लोखंडी जाळी बसवून घ्या. तालुक्याच्या गावातला कुठलाही वेल्डर माप घेऊन करून देतो. हवा अडत नाही, माणूस अडतो. जाळीचे स्क्रू मात्र आतून असू द्या. बाहेरून पान्यानं खोलता आली, तर जाळीचा उपयोग काय?

निघण्याआधी टाकी रिकामी करून आतून घासून घ्या. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून दिल्यानं ती जात नाहीत.

कूलरचा आणखी एक धोका आहे. उन्हाळ्याच्या रात्री प्रत्येक घरात कूलर घरघरत असतो. शेजारी भला माणूस आहे, सावध आहे, पण त्या आवाजात तुमचं कुलूप तुटलेलं त्याला ऐकूच येत नाही. ‘काही झालं तर शेजारी धावतील’ हा भरवसा मे महिन्यात पुरत नाही. दिवाळीत वेगळंच असतं. कापूस वेचणीला अख्खा गाव शेतात, गल्लीत म्हातारी माणसं आणि कुत्री. तेव्हा दिवसाच चोरी होते.

अंगण कोरडं पडू देणं

घर बंद आहे हे चोराला कोण सांगतं? आपलं अंगणच सांगतं. रोज सकाळी सडा पडतो, रांगोळी निघते. तीन दिवस सडा नाही, वाळलेला पाला दारात साचलाय, तुळस मान टाकून उभी आहे, दिवसाढवळ्या बाहेरचा बल्ब जळतोय. रस्त्यानं जाणाऱ्याला एवढं पुरे. म्हणून दिवा चालू ठेवून जाऊ नका. अंधार पडला की आपोआप लागणारा सेन्सरचा बल्ब मिळतो, तो लावा. मेन स्विच बंद करून जाणार असाल, तर सोलरवर चालणारा घ्या.

सड्यासाठी मात्र माणूसच लागतो. आम्ही आता निघताना शेजारच्या मावशीला सांगतो, “मावशी, आठ दिवस आमच्याही आंगनात सडा टाकजा.” ती म्हणते, “जा बाप्पा बिनघोर, हाये मी इथं.” ती तुळशीलाही पाणी घालते, संध्याकाळी ओसरीवर दोन मिनिटं टेकते. माझ्या मते हजारो रुपयांच्या उपकरणापेक्षा ही ओसरीवरची दोन मिनिटं जास्त राखण करतात. परतल्यावर प्रसाद आधी तिच्या घरी द्यायचा.

किल्ली दारावरच्या कोनाड्यात, कुंडीखाली किंवा गोठ्यातल्या खुंटीला ठेवायची आपली जुनी सवय. ती जागा गावातल्या निम्म्या लोकांना माहीत असते. किल्ली हातात द्या, तीही एकाच माणसाच्या. पोलीस पाटलांना किती दिवस जाताय ते आणि फोन नंबर सांगून ठेवा. जास्त दिवस असतील तर पोलीस ठाण्यातही कळवा, म्हणजे रात्रीच्या गस्तीत नजर राहते.

शेगावच्या रांगेतला फोटो स्टेटसला ठेवायचाय? जरूर ठेवा, घरी आल्यावर.

भारी कुलूप, जुना कोयंडा

कुलूप क्वचितच फुटतं, कोयंडा उखडतो. लाकडात चार स्क्रूवर बसवलेला कोयंडा सब्बलीच्या एका हिसक्यात निघतो. तिथं आरपार नट-बोल्ट टाका, नट आतल्या बाजूला ठेवा. आणि ती सब्बल बहुतेक वेळा आपल्याच गोठ्यातली असते. कुऱ्हाड, टिकास, शिडी सगळं घरात घेऊन मगच निघा.

जमत असेल तर समोरचं दार आतून कडी लावून बंद करा आणि कुलूप मागच्या दाराला लावा. रस्त्यावरून लटकतं कुलूप दिसत नाही. छत कवेलूचं असेल तर सोनं-पैसा त्या खोलीत ठेवूच नका, कवेलू हातानं सरकतात.

धान्याच्या कोठीत, गादीखाली, देवघराच्या मागे लपवलेलं सोनं चोर सगळ्यात आधी शोधतो. रोख रक्कम खात्यात भरा, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. 1 जानेवारी 2022 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा बँक कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत लॉकरमधली वस्तू गेली, तर बँक वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंत भरपाई देणं लागते. नोटा मात्र लॉकरमध्ये ठेवायला परवानगी नाही.

मेन स्विच बंद केला, इन्व्हर्टर विसरला

भाव वाढेल म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यापर्यंत कापूस घरात भरलेला असतो. खोली छतापर्यंत भरलेली, त्याच भिंतीवर जुनी वायर आणि उंदीर ती कुरतडतात. कापसाची आग आधी आतल्या आत धुमसते, बाहेर धूर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून त्या खोलीची वीज बंद असलीच पाहिजे. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर बॅटरीवरून घरात करंट देतच राहतो. त्याचा स्वतःचा स्विच वेगळा बंद करा. टीव्ही, फ्रिजचे प्लग काढा आणि डिशची केबल सोडवा, कारण मे-जूनच्या वादळात वीज पडली की हीच उपकरणं जळतात. देवापुढे दिवा लावून निघू नका, देवाला हात जोडून निघा. गॅसचं रेग्युलेटर बंद करा.

कॅमेरा लावला असेल तर वीज गेल्यावर तो किती वेळ चालतो हे आधी तपासा. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीशेजारी ठेवला तर चोर तोही घेऊन जातो.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. शेतात डुकरांसाठी लावतात तसा करंट घराच्या दाराला किंवा कुंपणाला कधीही लावू नका. शेताच्या कुंपणाला जोडतात त्या झटका मशीनचा झटका क्षणभराचा असतो, मीटरवरचा 230 व्होल्टचा करंट माणसाला सोडत नाही. चेंडू घ्यायला आलेलं शेजारचं लेकरू त्याला चिकटू शकतं, आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

कुलूप तुटलेलं दिसलं तर

आत जाऊ नका, चोर अजून आत असू शकतो. बाहेर थांबून 112 ला फोन करा. आमच्याकडे बातमी कळताच अर्धं गाव घरात शिरलं, कपाटाला सगळ्यांचे हात लागले, कुणीतरी विखुरलेले कपडेही आवरून ठेवले. ठसे घ्यायला माणसं आली तेव्हा घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दागिन्यांचे फोटो आणि पावत्या आधीपासून मोबाइलमध्ये असू द्या, आमच्याकडे गरसोळीचा एकही स्पष्ट फोटो नव्हता. पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक जागेवर आहे का पाहा, नसेल तर लगेच बँकेला कळवा. तक्रार ई-मेलनंही देता येते, पण 3 दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.