रॅप ड्रेसचा गळा वाकलं की उघडतो? टिचबटणाने सुटलं

ऑफिस आणि संध्याकाळचा कार्यक्रम दोन्हीकडे चालणारा रॅप ड्रेस (पुढचे दोन पल्ले एकमेकांवर घेऊन पट्ट्याने बांधायचा), पण लॅपटॉपकडे वाकलं की गळा उघडायचा, सारखा हात तिथेच, नुसता वैताग. सेफ्टी पिनने कापड ओढलं गेलं, दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेप घामाने सुटली.

शेवटी टिचबटण लावलं. ड्रेस घालून पट्टा बांधा, खुर्चीत बसून हात पुढे करा (उभं राहून खूण केली तर जागा चुकते), गळ्याशी पल्ले एकमेकांवर येतात तिथे टाचणी लावा. मग ड्रेस काढून उंचवट्याचा भाग वरच्या पल्ल्याच्या आतून, खोलगट भाग खालच्या पल्ल्यावर, आणि वरच्या पल्ल्यात टाका फक्त आतल्या पट्टीतून घ्यायचा म्हणजे बाहेर अजिबात दिसत नाही. कापड झिरझिरीत असेल तर बटणामागे छोटा तुकडा ठेवा. संध्याकाळी बटण उघडलं की गळा परत मोकळा पडतो.