छोट्या ओट्याची घोटाई बिघडते कुठे? या चुका टाळा

घरामागचा धुण्याचा ओटा, पाण्याच्या टाकीखालचा चौथरा किंवा दुचाकी उभी करण्यापुरता कोबा ही कामे बहुधा मोठे बांधकाम आटोपल्यावर, उरलेल्या सिमेंटात आणि उरलेल्या उत्साहात उरकली जातात. मोठा स्लॅब टाकताना इंजिनिअर, सेंट्रिंगवाले आणि व्हायब्रेटर असा सगळा लवाजमा हजर असतो. दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद ओट्याच्या वाट्याला मात्र एक गवंडी, एक बिगारी आणि घाईत असलेला मालक एवढेच येतात. त्यामुळे चुका त्याच त्या होतात, आणि वर्षभराने पृष्ठभागाची धूळ सुटू लागली की "सिमेंटच भेसळीचे निघाले" हे उत्तरही तेच ते मिळते. माझ्या पाहण्यात सिमेंटचा दोष क्वचितच निघाला आहे. दोष निघतो तो पाण्याचा आणि घाईचा.

ओल्या मालावर कोरडे सिमेंट भुरभुरणे

या चुकीवर सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती चूक आहे हेच पुष्कळांना मान्य नसते. माल, म्हणजे कालवलेले काँक्रीट, ओतून पट्टीने सपाट केला की खडी आणि वाळू आपल्या वजनाने खाली बसतात व पाणी वर येते. गवंडी याला पाणी सुटणे म्हणतात. पृष्ठभाग चकाकू लागतो. हे पाणी आपोआप उडून जाईपर्यंत पृष्ठभागाला हात लावायचा नसतो. पण गवंड्याला संध्याकाळी दुसरीकडे जायचे असते आणि मालकाला काम डोळ्यांदेखत पुरे झालेले हवे असते. मग घमेल्यातून मूठमूठ कोरडे सिमेंट टाकले जाते, ते वरचे पाणी क्षणात शोषून घेते आणि त्यावर पोलादी थापी फिरवली की पृष्ठभाग लगेच गुळगुळीत दिसतो.

प्रत्यक्षात तिथे दोन वेगवेगळे थर तयार झालेले असतात. वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर नुसत्या सिमेंटचा असल्याने वाळताना खालच्या काँक्रीटपेक्षा जास्त आकसतो, आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. त्याहून वाईट म्हणजे खालून अजून वर येत असलेले पाणी या घट्ट पापुद्र्याखाली अडकते आणि नेमक्या त्या जोडावर काँक्रीट कमकुवत राहते.

फलटणच्या बाजूला एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मागच्या दाराचा ओटा असाच केला गेला होता. एप्रिल महिना, वर कडक ऊन आणि वाहता वारा. "गुरुजी, काचेसारखा करून देतो," असे गवंड्याने सांगितले आणि जेवणाच्या सुट्टीआधी तो तसा करूनही दिला. घरच्यांनी आल्यागेल्याला कौतुकाने दाखवला. पहिल्या पावसाळ्यानंतर नळाखालच्या कोपऱ्यात नखाएवढे पापुद्रे निघू लागले, आणि मला पाहायला बोलावले तोवर अर्ध्या ओट्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकले की बद्द असा पोकळ आवाज येत होता. छिन्नीने एक तुकडा उचलला. वरची बाजू खरोखरच काळसर, तुळतुळीत आणि टणक होती. खालच्या बाजूला मात्र पिठासारखी पांढुरकी भुकटी होती व ती बोटाने पुसली जात होती. तिच्याखालचे काँक्रीट अगदी निर्दोष होते. म्हणजे मालात काहीच कमी नव्हते; दुपारच्या दोन-तीन तासांचा धीर तेवढा कमी पडला होता.

यावर हमखास एक आक्षेप घेतला जातो की, जुने गवंडीही कोब्यावर सिमेंट घालूनच घोटत असत. ते खरे आहे. परंतु ते सिमेंट पाण्यात कालवून केलेला घट्ट घोळ असे, चौरस मीटरला साधारण दोन किलो या हिशेबाने सारखा पसरलेला असे, आणि वरचे पाणी उडून गेल्यावर पण काँक्रीट ओले असतानाच घातला जाई. चकाकणाऱ्या पाण्यावर भुरभुरलेल्या भुकटीशी त्याचा संबंध नाही.

माझी स्वतःची सवय अशी आहे की पट्टी मारून झाल्यावर मी हत्यारे धुऊन बाजूला ठेवायला लावतो, कारण हातात थापी असली की ती फिरवल्याशिवाय राहवत नाही. पाण्याची चकाकी पूर्ण गेली आणि टाच टेकवल्यावर पाचेक मिलिमीटरचाच ठसा उमटू लागला की लाकडी रंधा, म्हणजे पृष्ठभाग सपाट करायची मुठीची लाकडी फळी, गोलाकार फिरवावा. त्याने खडी खाली दबते, उंचसखलपणा जातो आणि वर सिमेंटची पुरेशी लापशी येते. मग पुन्हा थांबावे. अंगठा दाबून पाहावा; त्याला लापशी चिकटेनाशी झाली की पोलादी थापीची पहिली घोटाई करावी, थापी आधी जवळजवळ आडवी धरून आणि नंतरच्या फेरीत कड किंचित उचलून. शेवटच्या फेरीत थापीचा आवाज बदलतो, ती खणखणू लागते. ती खूण कळायला लागली की घड्याळाकडे बघावे लागत नाही. थंडीत हे सगळे लांबते आणि रात्री आठ वाजता बल्ब लावून घोटाई करावी लागते. ज्यांना तेवढे थांबणे जमत नाही त्यांनी खुशाल फरशी बसवून घ्यावी.

पाणी फारच साचले असेल तर रबरी नळी दोन्ही टोकांना धरून पृष्ठभागावरून हलकेच ओढावी आणि पाणी कडेला काढून टाकावे. उलट पृष्ठभाग फार घट्ट झाला म्हणून त्यावर पाणी शिंपडून घोटणे हीही वरच्या चुकीचीच बहीण आहे, कारण त्याने वरचा थर कायमचा मऊ पडतो आणि केर काढताना केरसुणीला राखाडी धूळ लागत राहते.

माल पातळ करणे

पातळ माल पसरायला सोपा असतो, आणि त्याचे सगळे गुण तिथेच संपतात. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या नेहमीच्या प्रमाणाला, म्हणजे एम २० या प्रतीच्या काँक्रीटला, आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार ५० किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालते. घरातल्या पंधरा लिटरच्या दोन बादल्या, बस. वाळूतला ओलावाही यातच धरायचा असतो. ओलसर वाळू पोत्यामागे सहज चार लिटर पाणी आधीच घेऊन आलेली असते. सुरुवातीला सांगितलेला दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद ओटा १० सेंटिमीटर जाडीचा केला तर त्याला साधारण अडीच पोती सिमेंट लागते, म्हणजे सगळ्या ओट्याचे पाणी पाच बादल्यांत बसायला हवे. प्रत्यक्षात पिंपातून नळी सोडलेली असते आणि किती पाणी गेले हे कोणालाच ठाऊक नसते.

हल्ली नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरली जाते. तिच्यात बारीक भुकटी जास्त असल्याने माल कालवताना कोरडा वाटतो आणि बिगारी आणखी एक डबा पाणी ओततो. तसे करू न देता माल आणखी दोन मिनिटे नीट उलथापालथा करायला लावावा; तो पुष्कळदा तेवढ्यानेच सैल होतो. फावड्याने लोटल्यावर जो माल वाहत जातो तो ओट्याच्या कामाचा नाही. जो सरकतो आणि तिथेच ढिगासारखा उभा राहतो तो योग्य. असा माल पसरायला अंग मोडून काम करावे लागते, हे बिगाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणून त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.

इतर चुका

खालचा मुरूम कोरडा ठेवू नये, तो मालातले पाणी ओढून घेतो. आदल्या संध्याकाळी भिजवावा आणि धुम्मसाने (ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकावा. माल ओतताना त्यावर डबके मात्र नसावे.

उतार थापीने काढता येत नाही. कडेच्या फळ्या लावतानाच दीड मीटर रुंदीला १५ ते २० मिलिमीटरचा उतार पाणसळीने पाहून द्यावा, नाहीतर गुळगुळीत ओट्याच्या मधोमध पाणी साचून राहते.

घराच्या भिंतीला ओटा थेट चिकटवू नये; मध्ये थर्माकोलची पातळ पट्टी ठेवावी. तीन मीटरपेक्षा लांब काम असेल तर मध्ये सांधा द्यावा, आणि त्याची खोली जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतकी असावी.

भर उन्हात काम काढू नये. घोटाई झाल्यावर लगेच गोणपाट अंथरू नये, त्याची वीण पृष्ठभागावर उमटते; दुसऱ्या दिवशी कडेने मातीची आळी करून इंचभर पाणी साठवावे. हे पाणी किमान दहा दिवस राहिले पाहिजे, कारण आपल्याकडे दुकानात मिळते ते सिमेंट बहुधा पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना, म्हणजे राख मिसळलेले) असते आणि त्यासाठी मानकात सात नव्हे, दहा दिवस सांगितले आहेत. सकाळ-संध्याकाळ नळीने फवारा मारून मधल्या वेळात ओटा कोरडा पडू देणे म्हणजे पाणी मारणे नव्हे.

आणि जिथे अनवाणी, ओल्या पायांनी वावर असतो तिथे काचेसारख्या घोटाईचा हट्ट धरू नये. कोकणात तर पहिल्याच पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि घरातली वडीलधारी माणसे घसरतात. तिथे लाकडी रंध्यावरच थांबावे, किंवा ओलेपणीच मऊ झाडूने उताराच्या आडव्या दिशेने रेघा ओढाव्यात.

बिघडलेल्या ओट्याचे काय करावे

नुसती धूळ सुटत असेल तर पृष्ठभाग घासून, धुऊन, पूर्ण वाळू द्यावा आणि सोडियम सिलिकेटचे द्रव हार्डनर, म्हणजे पृष्ठभाग टणक करणारे रसायन, पाजावे. धूळ पुष्कळ कमी होते. पापुद्रे सुटत असतील तर पोकळ वाजणारा सगळा भाग छिन्नीने छिलून काढावा. जुन्या ओट्यावर सिमेंटचा पातळ हात फिरवून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो ऐकू नये. तो थर पुढच्या उन्हाळ्यात सुटून येतो. छिललेला भाग धुऊन रात्रभर भिजवावा, वरचे पाणी टिपून सिमेंटचा घोळ ब्रशने चोळावा आणि तो ओला असतानाच बारीक खडीच्या काँक्रीटचा किमान ४० मिलिमीटर जाडीचा नवा थर घालावा. उंबऱ्याची उंची तेवढी वाढ सोसणार आहे का, हे मात्र आधी मोजून घ्यावे. केसासारख्या बारीक भेगांचे जाळे असेल पण ठोकल्यावर आवाज भरीव येत असेल, तर ओट्याला काहीही करू नये.